‘विघटन’ या शब्दाचा भरवसा

पिकावर फवारलेल्या कीटकनाशकाचे ‘विघटन होते’ असे वाचले की आपल्याला हायसे वाटते. विष संपले, असाच अर्थ आपण घेतो. या शब्दाचा विसाव्या शतकातील इतिहास मात्र निराळे सांगतो.

पॉल म्युलर यांना १९३९ मध्ये डीडीटीचा कीटकनाशक गुण आढळला, तेव्हा टिकाऊपणा हा दोष मानला जात नव्हता. आदर्श कीटकनाशकाच्या लक्षणांत म्युलर यांनी दीर्घकाळ टिकणारा प्रभाव आवर्जून गणला होता. १९४८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. (पुढे डीडीटीच्या विघटनातून उरणाऱ्या डीडीईमुळे शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ झाली, हे सर्वश्रुत आहे.)

विष किती वेगाने ओसरते हे सांगण्यासाठी ‘अर्धायुष्य’ हा शब्द आला तो किरणोत्सर्गाच्या शास्त्रातून. उसनवारी सोयीची, पण फसवी. रेडियमचे अर्धायुष्य उन्हापावसाने बदलत नाही. पानावरच्या औषधाचे बदलते. शिवाय पान वाढले की तेवढेच विष अधिक वजनात विभागले जाते, आणि काहीही न विरता आकडा खाली येतो!

जर्मनीत गेरहार्ड श्राडर यांनी शोधलेले पॅराथिऑन डीडीटीच्या मानाने लवकर विरणारे होते. तरीही १९६३ मध्ये कॅलिफोर्नियात पीच तोडणाऱ्या मजुरांना, फवारणीला बरेच दिवस उलटून गेल्यावर, विषबाधा झाली. कोरड्या हवेत पानांवरच्या पॅराथिऑनचे पॅराऑक्सॉन झाले होते, आणि ते मूळ औषधाहून अधिक जहाल असते. विघटनाची ही पहिलीच पायरी मजुरांच्या अंगाला लागली.

आंतरप्रवाही कीटकनाशकांत हेच झाडाच्या आत घडते. मूळ वा पान औषध शोषून घेते, रस ते सर्वत्र नेतो, पाऊस ते धुऊ शकत नाही. आपल्या शेतकऱ्यांच्या परिचयाच्या डायमेथोएटचे झाडात काही अंशी ओमेथोएट होते, आणि तेही अधिक विषारी. म्हणूनच अवशेष मोजताना दोन्हींचा हिशेब ठेवावा लागतो.

अशा झाडांविषयी लिहिताना रेचल कार्सन यांना ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये (१९६२) ग्रीक कथेतील मेडिआचे वस्त्र आठवले. सवतीला भेट म्हणून दिलेले, नेसताच प्राण घेणारे. उपमा समर्पक खरी. पण आम्हाला ती किंचित अपुरी वाटते. मेडिआचे वस्त्र भेट देतानाच पूर्ण विषारी होते. येथे वस्त्र अंगावर आल्यानंतर त्याचा धागा आपले विष पालटतो.