परिचर्याशिक्षण, कोल्हापूर परिसरातील
परिचर्याशिक्षण, कोल्हापूर परिसरातील : रुग्णसेवा व प्रसूतिसाहाय्य यांचे पद्धतशीर शिक्षण आणि ते घेणाऱ्या विद्यार्थिनींना मिळत आलेले आर्थिक साहाय्य यांचा, पूर्वीचे कोल्हापूर संस्थान व लगतचे मिरज या प्रदेशातील इतिहास. कागल ही याच संस्थानातील घाटगे घराण्याची जहागीर होती. आज तेथे कागल–हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक क्षेत्र आहे.

बाळंतपण हे सुईणीचे पिढीजात काम आणि आजाऱ्याची शुश्रूषा हे घरातील स्त्रियांचे, अशी जुनी वाटणी होती. परक्या माणसाची मलमूत्रे काढणे हे हलके व विटाळाचे काम मानले जाई. त्यामुळे वेतन घेऊन रुग्णसेवा करण्यास उच्चवर्णीय स्त्रिया धजत नसत. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या नावाने निधी स्थापन झाला. स्त्री-डॉक्टर, परिचारिका व सुइणी यांच्या शिक्षणास शिष्यवृत्त्या देणे हा त्याचा एक उद्देश होता. १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांची कोल्हापूरच्या अ‍ॅल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीकक्षावर नेमणूक झाली. परंतु आजारपणामुळे त्यांना ते काम हाती घेता आले नाही व २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे निधन झाले. हे रुग्णालय पुढे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणून ओळखले जाऊ लागले.

संघटित शिक्षणाचा पाया मात्र मिरजेस घातला गेला. अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तेथे रुग्णालय व १८९७ मध्ये वैद्यकीय विद्यालय सुरू केले; परिचारिकांचे शिक्षणही त्या रुग्णालयाच्याच आश्रयाने वाढले. आरंभीच्या विद्यार्थिनी बहुतांशी ख्रिस्ती होत्या. हिंदू घरांतील स्त्रियांसाठी हे क्षेत्र खुले करण्याचे श्रेय मुख्यतः पुण्याच्या सेवासदनाकडे (१९०९) जाते. रमाबाई रानडे व गो. कृ. देवधर यांनी ससून रुग्णालयात विधवांना या शिक्षणास धाडले, तेव्हा त्यांना पुष्कळ लोकनिंदा सोसावी लागली.

कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले आणि १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आलेले शाहू महाराज यांनी वसतिगृहे व शिष्यवृत्त्या यांची जी परंपरा घातली, तिचा लाभ स्त्रीवैद्यकासही झाला. डॉ. कृष्णाबाई केळवकर यांना उच्च वैद्यकीय शिक्षणासाठी संस्थानने परदेशी पाठविले व त्यांनी अ‍ॅल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात सेवा केली. परिचारिकेच्या वाट्याला मात्र अशी शिष्यवृत्ती क्वचितच आली.

परिचर्याशिक्षणातील साहाय्याचे स्वरूपच वेगळे होते. विद्यार्थिनीस निवास, भोजन व अल्प विद्यावेतन मिळे. मोबदल्यात ती रात्रपाळ्या धरून कक्षात राबे. गरीब घरातील मुलीस, विशेषतः विधवेस, फी न भरता शिकण्याचा हा जवळजवळ एकमेव मार्ग होता, हे खरे. पण विद्यार्थिनी ही रुग्णालयाची स्वस्त कर्मचारीच ठरे व पाठ मागे पडत. त्यास शिष्यवृत्ती म्हणण्यापेक्षा शिकाऊ कामगाराचे वेतन म्हणणे अधिक यथार्थ होईल. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालानुसार ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका, म्हणजे ४३,००० लोकसंख्येमागे एक, असे प्रमाण होते.

मुंबई इलाख्यात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा १९३५ मध्ये झाला. कोल्हापूर मात्र संस्थान असल्याने इलाख्याच्या कायद्याच्या कक्षेबाहेर होते. १ मार्च १९४९ रोजी ते मुंबई राज्यात विलीन झाले. तत्पूर्वी १९४७ च्या अधिनियमाने भारतीय परिचर्या परिषद निर्माण झाली होती. १९६६ मध्ये महाराष्ट्र परिचारिका अधिनियम आला. पदवी शिक्षणाची सोय मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या लीलाबाई ठाकरसी महाविद्यालयात १९६४ पासून झाली. परिचर्येचे पदवी अभ्यासक्रम पुढे १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या आरोग्यविज्ञान विद्यापीठाकडे आले. विनाअनुदानित संस्था वाढल्या आणि जुने नाते उलटले : पूर्वी विद्यार्थिनीस विद्यावेतन मिळे, आता तिला शुल्क भरावे लागे.

ही उणीव शासकीय योजनांनी काही अंशी भरून काढली. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे. आर्थिक दृष्ट्या दुर्बल घटकांच्या शुल्कसवलतीस २०१६ मध्ये राजर्षी शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेणाऱ्या, आठ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या पात्र गटांतील मुलींची सवलत जुलै २०२४ च्या निर्णयाने निम्म्यावरून पूर्ण शुल्कावर नेण्यात आली. कामगारांच्या मुलांना महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या शिष्यवृत्त्याही मिळतात. ओतशाळा व सूतगिरण्यांच्या या भागात त्यांचे महत्त्व अधिक आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४५ नुसार पाचशेंहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात रुग्णोपचार कक्ष व त्यासाठी परिचर्या कर्मचारी ठेवणे बंधनकारक होते. त्यामुळे कागलसारख्या औद्योगिक क्षेत्रातील कामगाराची मुलगी परिचारिका होऊन त्याच क्षेत्रात कामास येऊ शकते.