बारशाच्या घुगऱ्या आणि वाढदिवसाचा केक

“मले शिकवू नोको, तुह्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्या म्या!”

वऱ्हाडात म्हाताऱ्या माणसाशी वाद घाला, शेवटी हे वाक्य येतंच. त्यापुढे बोलायची सोय नसते. घुगऱ्या म्हणजे भिजवून उकडलेले हरभरे नाहीतर गहू. बारशाला आलेल्या बायांना त्या वाटायच्या. नीट बघितलं तर हे वाक्य म्हणजे जन्माचा दाखलाच आहे. तारीख नाही, पण साक्षीदार आहे, आणि त्याने पुरावा खाऊन टाकलाय :)

कागदावरचा पुरावा हवा असेल तर विदर्भात कोतवाल बुक असतं. जातीच्या दाखल्यासाठी ज्यांनी आजोबा-पणजोबांची नक्कल काढली आहे त्यांना ते ठाऊक असेल. जुन्या नोंदीत तारीख, बापाचं नाव, मुलगा की मुलगी एवढं मिळतं. पुष्कळदा बाळाचं नावही नसतं. पण ती तारीख घरात कोणी जपत नसे. शाळेत नाव घालताना गुरुजी अंदाजाने १ जुलै लिहून टाकत. माझ्या आईचा वाढदिवस कागदोपत्री १ जुलैच. खरा कधी? “पोळ्याच्या आसपास.” बस्स.

म्हणजे दर वर्षी वाढदिवस करणं ही साध्या घरातली गोष्ट नव्हतीच. पोथीत त्याचा विधी आहे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास लिहिलेल्या ‘धर्मसिंधु’त वर्धापनाच्या दिवशी मार्कंडेय आणि चिरंजीवांची पूजा करून तीळ-गूळ घातलेलं दूध प्यायला सांगितलंय. उद्देश सरळ आहे, आयुष्य वाढावं. पण पऱ्हाटी वेचणाऱ्या घरात हे कोण करणार?

देवांचे वाढदिवस मात्र दर वर्षी आणि सगळ्यांच्या घरी. रामाचा दुपारी बाराला, कृष्णाचा मध्यरात्री. आमच्या तिवसा तालुक्यात वर्धा नदीकाठी कौंडण्यपूर आहे, रुक्मिणीचं माहेर. त्या हिशेबाने कृष्ण आमचा जावईच, त्याचा वाढदिवस चुकवून कसं चालेल! पाळणा हलला की हातावर काय पडतं? सुंठवडा.

आता सुंठवड्यात काय असतं बघा. सुंठ, सुकं खोबरं, खारीक, खसखस, साखर. नुकतं जन्मलेलं बाळ हे खाऊ शकत नाही. हा सगळा ऐवज बाळंतिणीच्या डब्यातला आहे. मला तरी यातून एकच अर्थ दिसतो. वाढदिवस देवाचा, पण खाऊ कौसल्येचा आणि देवकीचा!

हे डोक्यात घोळत असतानाच चीनची गोष्ट कळली. आमच्या टीममध्ये ग्वांगझूची एक मुलगी आहे. तिच्याकडे वाढदिवसाला लांबच लांब नूडल्स करतात. त्या तोडायच्या नाहीत, कारण लांबी म्हणजे आयुष्य. म्हाताऱ्यांच्या वाढदिवसाला पीच फळाच्या आकाराचे वाफवलेले पाव असतात, तेही दीर्घायुष्यासाठीच. थोडक्यात, आपल्या तीळ-गुळाच्या दुधाचे चिनी भाऊबंद.

मग मी वाचत गेलो आणि तांग घराण्यातला एक किस्सा सापडला. सम्राट श्वानझोंग आपल्या राणीला, वांगला, पदावरून काढायला निघाला होता. तेव्हा ती रडत म्हणाली की जुने दिवस आठवा. माझ्या बापाने अंगातला जांभळा अंगरखा देऊन मापभर पीठ आणलं होतं, तुमच्या वाढदिवसाच्या नूडल्ससाठी. राजा तेवढ्यापुरता विरघळला, पण इ.स. ७२४ मध्ये तिला काढलंच. आणि पाचच वर्षांनी, ७२९ मध्ये, स्वतःचा वाढदिवस साऱ्या साम्राज्याचा सण म्हणून जाहीर केला. स्वयंपाक कोणाचा, सण कोणाचा!

पण चीनमध्येही जन्माचं खाणं वेगळं आहे. बाळ महिन्याचं झालं की लाल रंगवलेली अंडी वाटतात, सोबत आलं. ग्वांगडोंगमध्ये बाळंतिणीसाठी आलं, गोड व्हिनेगर, डुकराचे पाय आणि अंडी यांचं भांडं शिजत ठेवतात, आणि बघायला येणाऱ्यालाही त्यातलीच वाटी देतात. इकडे सुंठ, तिकडे आलं! शिवाय वाढदिवस म्हणजे आईच्या यातनांचा दिवस, अशी तिकडची जुनी समजूत आहे.

आमच्याकडे तुकडोजी महाराजांनी वाढदिवसाचं वेगळंच करून ठेवलंय. ३० एप्रिल १९०९ हा त्यांचा जन्मदिवस, गाव यावली. तो ‘ग्रामजयंती’ म्हणून साजरा होतो. तालुक्यातल्या गुरुकुंज मोझरीपासून खेड्यापाड्यांपर्यंत त्या दिवशी मान असतो गावाचा. जो जन्मला त्याचं कौतुक मागे, ज्याने वाढवलं ते पुढे.

आता आपला केक. केकशी माझं भांडण नाही, फुकटचा असेल तर अजिबातच नाही. आज आमच्या तालुक्यातल्या लहान गावातही तो मिळतो, आणि ज्या पोराचा वाढदिवस कधी झाला नसता त्याचाही होतो, हे चांगलंच आहे. पण केकचा हिशेब एकट्याचा असतो. मेणबत्त्या त्याच्या वर्षांच्या, नाव त्याचं, पहिला घास त्याला. आई फोटो काढते नाहीतर प्लेटा पुरवते. औक्षणाचं ताट तिच्याच हातात, म्हणजे तिथेही ती देणारीच. ती दहा-बारा तास ज्यातून गेली त्याची आठवण आपल्या जिभेवर कुठे उरलीच नाही.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारने आईचं नाव बंधनकारक केलं. आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं. कागदावर यायला तिला इतकी वर्षं लागली. ताटावर ती आधीपासून बसलेली होती, तिथून आपणच तिला उठवलं.

असो. माझा वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे. केक टीम आणेलच. त्या शनिवारी घरी जाताना अमरावतीला उतरून डिंक, खारीक आणि सुंठ घेणार आहे. लाडू आईसाठी. एखादा मीही खाईन.