दोन घराण्यांचे सूत

सभागृहात दिवे लागतात, वाद्यवृंद सज्ज होतो, आणि पहिला स्वर उमटण्यापूर्वीच ध्वनिवर्धकातून 'घूं' असा संथ, अखंड आवाज येऊ लागतो. विद्युत गिटार ज्यांनी जवळून ऐकली आहे, अशा आमच्या वाचकांना हा आवाज अपरिचित नसावा. तो कोठून येतो, तो घालवण्यासाठी कोणी काय केले आणि तो घालवताना दुसरे काय हरवले, ही हकीकत मोठी उद्बोधक आहे. अमेरिकेतील दोन कारखान्यांची, दोन स्वभावांच्या माणसांची आणि शेवटी त्या दोन स्वभावांना एका लाकडावर नांदवण्याच्या खटपटीची ही कथा आम्ही येथे सांगत आहोत.

कथेचा आरंभ लॉस एंजेलिस शहरात होतो. जॉर्ज बीचम हा हवाईयन गिटार वाजवणारा कलावंत. मोठ्या वाद्यवृंदात आपल्या वाद्याचा आवाज बुडून जातो, ही त्याची व्यथा. 1931 च्या सुमारास त्याने तारांभोवती नालाच्या आकाराची चुंबके बसवली, खाली तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे ठेवले, आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांच्या साहाय्याने ॲल्युमिनियमची एक गिटार सिद्ध केली. गोल शरीर आणि लांब दांडी यांमुळे लोकांनी तिला 'फ्राइंग पॅन' म्हणजे तळणीचा तवा असे नाव दिले. या शोधाचे एकस्व मिळायला 1937 साल उजाडले. तोवर गिब्सन या प्रतिष्ठित कारखान्याने 1936 साली आपली विद्युत गिटार बाजारात आणलीही होती. 1939 साली बेनी गुडमन यांच्या जॅझवृंदात दाखल झालेल्या चार्ली ख्रिश्चन या तरुणाने त्याच जातीच्या गिटारीवर असे वादन केले की, साथीचे वाद्य एकदम पुढच्या रांगेत येऊन बसले. क्षयाने 1942 साली वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी तो गेला. पण त्याने दाखवलेली वाट पुसली गेली नाही.

या सर्व गिटारींमागील तत्त्व फॅरडेने 1831 सालीच सांगून ठेवले होते. चुंबकाच्या सान्निध्यात पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि जवळच्या वेटोळ्यात सूक्ष्म वीज उत्पन्न होते. ती ध्वनिवर्धकात मोठी केली की झाला नाद. या चुंबक-वेटोळ्याच्या जोडगोळीला 'पिकअप' म्हणतात. परंतु वेटोळे बिचारे भोळे असते. तारेचा कंप कोणता आणि खोलीतील ट्रान्सफॉर्मरचा, विजेच्या तारांचा कंप कोणता, हा विवेक त्याला नसतो. अमेरिकेत घरगुती वीज सेकंदाला 60 वेळा उलटसुलट होते, आपल्याकडे 50 वेळा. ती सारी चलबिचल वेटोळे इमानाने गोळा करते. आरंभी सांगितलेली 'घूं' ती हीच.

कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्त करणारे लिओ फेंडर यांनी हा दोष पदरात घेऊनच आपले वाद्य घडवले. स्वतः त्यांना गिटार वाजवता येत नसे. पण वाजवणाऱ्यांचे गाऱ्हाणे ऐकण्याचा कान त्यांच्यापाशी होता. 1950 साली त्यांनी भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली, तिलाच पुढे टेलिकास्टर हे नाव मिळाले. 1954 साली तीन पिकअपांची स्ट्रॅटोकास्टर आली. तिचे तिन्ही पिकअप एकेरी वेटोळ्याचे. त्यांचा स्वर स्वच्छ, किणकिणता आणि स्पष्ट. बोटांचा हलका स्पर्शही लपवून न ठेवणारा. गुणगुण होती, पण तो या पारदर्शकतेचा मोबदला आहे, असे वादकांनी मानले.

मिशिगनमधील कॅलमझू गावी गिब्सनच्या कारखान्यात सेथ लव्हर नावाचे तंत्रज्ञ मात्र हा मोबदला द्यायला तयार नव्हते. त्यांची युक्ती ऐकण्यासारखी आहे. त्यांनी एकाऐवजी दोन वेटोळी शेजारी ठेवली. एकाच्या चुंबकाचा उत्तर ध्रुव वर, दुसऱ्याचा दक्षिण. आणि वेटोळ्यांची जोडणीही परस्परविरुद्ध. बाहेरून येणारी गुणगुण दोघांत सारखीच शिरते, पण जोडणी उलट असल्याने एकमेकींना खोडून काढते. तारेचा स्वर मात्र चुंबकामुळे एकदा उलटतो आणि जोडणीमुळे पुन्हा एकदा. म्हणजे अखेर सुलटच होऊन दुप्पट बळाने बाहेर पडतो. शाळेत शिकलेला 'उणे गुणिले उणे बरोबर अधिक' हा नियमच जणू येथे वाजू लागला. 1955 साली त्यांनी एकस्वासाठी अर्ज केला, 1957 पासून हे पिकअप गिब्सनच्या गिटारींवर दिसू लागले आणि 1959 साली एकस्व हाती आले. गुणगुणीला झुगारून देणारा म्हणून त्याचे नाव पडले 'हंबकर'. त्याच सुमारास ग्रेच कंपनीसाठी रे बट्स यांनीही स्वतंत्रपणे असाच शोध लावला, हेही नमूद केले पाहिजे.

अशी दोन घराणी उभी राहिली. फेंडरचा स्वर सनईच्या धारेसारखा, तर गिब्सनचा भरदार, मधल्या स्वरांत मांसल. घराणी म्हटली की अभिमान आला, अभिमानामागून हेटाळणी आली. परंतु इतिहासाला असल्या भिंती मानवत नाहीत. 1967 साली खुद्द सेथ लव्हर गिब्सन सोडून फेंडरच्या कारखान्यात दाखल झाले आणि 1970 च्या दशकाच्या आरंभी त्यांनी तेथेही एक हंबकर घडवला. सोयरीक जुळली ती अशी.

वादकांनी तर या सोयरिकीची वाटही पाहिली नाही. स्ट्रॅटोकास्टरचा घोडीजवळचा पिकअप फार तीक्ष्ण, कानाला टोचणारा, ही जुनी तक्रार होती. तेव्हा तोच काढून तेथे हंबकर बसवावा आणि मधला व दांडीजवळचा हे दोन एकेरी तसेच ठेवावेत, असा विचार पुढे आला. हंबकर रुंदीने मोठा. त्यासाठी लाकूड कोरावे लागे. 1950 च्या दशकातील कितीतरी उत्तम गिटारींवर अशी पटाशी चालली. त्या वेळी ती जुनी वाद्ये होती एवढेच. आज त्यांचे मोल पाहून मालक हळहळतात. कोरलेले लाकूड परत भरून येत नाही.

1978 साली पहिल्या ध्वनिमुद्रिकेने जगाला थक्क करणाऱ्या एडी व्हॅन हेलन यांनी सुट्या भागांतून स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची गिटार जुळवली आणि घोडीशी गिब्सनचा जुना हंबकर बसवला, तोही किंचित तिरका. कारण गिब्सनच्या तारा फेंडरच्या तारांहून थोड्या जवळजवळ असतात. तिरका केल्याशिवाय पिकअपचे खिळे तारांखाली येईनात. त्यांनी स्वतः त्या एकाच पिकअपवर भागवले. मात्र त्यांच्या मागून आलेल्यांना दोन्ही स्वर हवे होते. 1980 च्या दशकात जॅक्सन, शार्व्हेल आदी कारखान्यांतून एक हंबकर व दोन एकेरी अशा घडणीच्या गिटारी सर्रास निघू लागल्या. 1996 साली फेंडरच्या 'लोन स्टार' या गिटारीवर 'पर्ली गेट्स' घराण्यातला हंबकर आला. मोत्यांच्या वेशींचे हे नाव प्रकटीकरणाच्या पुस्तकाची आठवण देते. पण येथे ते बिली गिबन्स यांच्या 1959 सालच्या लाडक्या गिब्सन गिटारीवरून घेतलेले आहे.

आता खरा प्रश्न. एका छपराखाली आणलेली ही भावंडे एकमेकांशी नांदणार कशी? हंबकर मुळातच बलवान. त्यातून 1970 च्या दशकात लॅरी डिमार्झिओ आणि सेमूर डंकन यांच्यासारख्या कारागिरांनी अधिक फेरे आणि जोरकस चुंबके वापरून त्याला आणखी बळ दिले. असा पिकअप घोडीशी बसवला की वादकाचे बटण तिकडे वळताच वाद्य गर्जते आणि एकेरीकडे वळताच एकदम मालवल्यासारखे होते. श्रोत्यांना वाटते वादकाचा हात चुकला. हात बिचारा निर्दोष असतो, चुकलेली असते निवड.

निसर्गाने येथे थोडे साहाय्य केले आहे. घोडीजवळ तार फारच थोडी हलते, दांडीकडे अधिक. म्हणून घोडीजवळच्या पिकअपला थोडे जादा बळ शोभते, मात्र थोडेच. स्ट्रॅटोकास्टरच्या एकेरी पिकअपचा विद्युतरोध साधारण 6 हजार ओहम असतो, गिब्सनच्या जुन्या हंबकरांचा 7 ते 9 हजारांच्या घरात. अलीकडच्या बलदंड हंबकरांचा 16 हजारांपर्यंतही जातो. मृदू एकेरींच्या शेजारी जुन्या वळणाचा, मध्यम बळाचा हंबकरच अधिक सुखाने नांदतो, असा जाणत्यांचा अनुभव आहे. तथापि केवळ रोधाच्या आकड्यावर विसंबू नये. तार अधिक बारीक घेतली की फेरे न वाढताही रोध वाढतो; बळ ठरते ते फेरे, चुंबक आणि घडण या तिघांनी मिळून.

उरलेले काम पेचकसाचे. बलवान पिकअप तारांपासून थोडा खाली उतरवावा, दुबळे थोडे वर आणावेत. दुबळ्यांना फार वर मात्र चढवू नये. त्यांची चुंबके तारेला ओढू लागतात आणि स्वर डळमळतो. आवाज कमी-अधिक करणारे बटणही पाहावे लागते. एकेरीला 250 हजार ओहमचे मानवते, हंबकरला 500 हजारांचे. पहिले लावले तर हंबकर मंदावतो, दुसरे लावले तर एकेरी कर्कश होतात. म्हणून कित्येक कारागीर 500 हजारांचे बटण ठेवून एकेरींच्या वाटेवर तेवढ्याच रोधाचा एक छोटा रेझिस्टर समांतर जोडतात. दोघांचे मिळून 250 हजार होतात आणि ज्याला जे हवे ते मिळते. शिवाय हंबकर व मधला पिकअप यांची जोडणी एकाच दिशेची आहे ना, हे तपासावे. ती उलट असेल तर दोघे एकत्र वाजताना स्वर पोकळ होतो. ज्या विरोधाने गुणगुण मरते, तोच विरोध अस्थानी झाला तर गाणेच मारतो.

घरात कोणी मुलगा वा मुलगी असे वाद्य घेण्याचा हट्ट धरत असेल, तर दुकानात सर्वांत मोठा आवाज कोणाचा, हे विचारू नये. एकच ओळ तिन्ही पिकअपांवर वाजवून पाहावी आणि डोळे मिटून ऐकावी. स्वराचा रंग बदलला पाहिजे. वाक्य तुटता कामा नये. जुन्या वाद्याला पटाशी लावण्याआधी तर हे दहादा ऐकावे. बीचम यांना गर्दीत ऐकू जायचे होते, लव्हर यांना शांतता हवी होती, फेंडर यांना स्पष्टता. तिघांचीही मागणी रास्त होती. आणि ती एका लाकडावर एकत्र पुरी करायची, तर सर्वांत बलवान असेल त्याने दोन सूत खाली उतरावे लागते.