न झालेल्या निवडणुकीचें भाकीत

१९४८ सालच्या जानेवारींत अमेरिकेच्या न्यू हॅम्पशर राज्यांतील मँचेस्टर येथील एका वृत्तपत्राच्या चालकांस जनरल ड्वाइट आयसेनहॉवर यांचें एक पत्र आलें. अध्यक्षपदासाठीं आपलें नांव कोणी सुचवूं नये, सुचविल्यास आपण तें स्वीकारूं शकणार नाहीं, आणि ज्यांचें सारें आयुष्य सैनिकी पेशांत गेलें त्यांनीं उच्च राजकीय पदाची इच्छा न धरणें हेंच इष्ट, असा त्या पत्राचा आशय होता. एवढें निःसंदिग्ध उत्तर मिळाल्यावर प्रकरण तेथेंच मिटावयास हवें होतें. परंतु मिटण्याऐवजीं तें वाढलें. युरोपांतील महायुद्धाचा हा विजयी सेनापति निवडणुकीस उभा राहिला तर काय होईल, हा प्रश्न वृत्तपत्रांनीं, पक्षपुढाऱ्यांनीं आणि लोकमताची पाहणी करणाऱ्या संस्थांनीं इतक्यांदा विचारला कीं, ती कल्पनेंतली निवडणूक खऱ्या निवडणुकीपेक्षां अधिक खरी वाटूं लागली. त्यांतील मौज अशी कीं, आयसेनहॉवर कोणत्या पक्षाचे आहेत हें त्या वेळीं देशांत कोणासच ठाऊक नव्हतें.

"आज निवडणूक झाली, एका बाजूस अमुक व दुसऱ्या बाजूस तमुक उभे असले, तर आपण मत कोणास द्याल?" या प्रश्नाचें वय अमेरिकेंत बरेंच मोठें आहे. १८२४ सालीं डेलावेअर राज्यांतील विल्मिंग्टन शहरांत नागरिकांचीं अशीं मतें घेण्यांत आलीं, व तीं हॅरिसबर्ग येथील एका वृत्तपत्रानें छापलीं. अँड्र्यू जॅक्सन यांस ३३५, जॉन क्विन्सी अॅडम्स यांस १६९, हेन्री क्ले यांस १९ व विल्यम क्रॉफर्ड यांस ९. वाऱ्याची दिशा पाहण्यासाठीं गवताची काडी उडवावी, तशा या मतांस तिकडे काडीचीं मतें असेंच नांव पडलें. पण ज्यांना हा प्रश्न विचारला, त्यांना खरें मत मुळीं नव्हतेंच. अमेरिकेचा अध्यक्ष प्रत्येक राज्यानें पाठविलेले निर्वाचक निवडतात, आणि त्या वर्षीं डेलावेअरचे निर्वाचक जनतेनें नव्हे, तर तेथील विधिमंडळानें नेमले. त्या तीन निर्वाचकांपैकीं दोघांनीं क्रॉफर्ड यांस मत दिलें, एकानें अॅडम्स यांस. जॅक्सन यांच्या वांट्यास एकही आलें नाहीं. देशभर जॅक्सन यांचींच मतें अधिक होतीं, पण स्पष्ट बहुमत कोणासच न मिळाल्यामुळें निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली व अध्यक्ष झाले अॅडम्स.

पुढें शंभर वर्षें वृत्तपत्रें हा खेळ खेळत राहिलीं. त्यांतील सर्वांत नांवाजलेलें 'लिटररी डायजेस्ट' हें साप्ताहिक. १९१६ पासून १९३२ पर्यंतच्या पांचही निवडणुकांचा विजयी उमेदवार त्यानें आधीं बरोबर सांगितला होता. १९३६ सालीं त्यानें सुमारें एक कोटि मतपत्रिका डाकेनें पाठविल्या, तेवीस लाखांहून अधिक भरून परत आल्या, आणि रिपब्लिकन उमेदवार लँडन हे अध्यक्ष रूझवेल्ट यांस पाडणार असें त्यानें जाहीर केलें. प्रत्यक्षांत अठ्ठेचाळीस राज्यांपैकीं लँडन यांस मिळालीं दोन. टेलिफोनच्या व मोटारगाड्यांच्या यादींतून काढलेलीं नांवें म्हणजे त्या मंदीच्या काळांत सुखवस्तु लोकांचीं नांवें. शिवाय मतपत्रिका मिळूनही ज्यांनीं ती परत धाडली नाहीं, त्यांचा कल रूझवेल्ट यांच्याकडे अधिक होता, असें नंतरच्या अभ्यासांत दिसून आलें. त्याच वेळीं जॉर्ज गॅलप यांनीं कितीतरी थोड्या माणसांना विचारून रूझवेल्ट यांचा विजय सांगितला. इतकेंच नव्हे तर 'डायजेस्ट'चें भाकीत काय निघेल व तें कसें चुकेल, हेंही त्यांनीं आगाऊ सांगून ठेवलें होतें. दोन वर्षांत तें साप्ताहिक बंद पडलें आणि गॅलप यांचा शब्द प्रमाण झाला.

अशा या नव्या प्रमाणग्रंथानें १९४८ च्या वसंतांत हॅरी ट्रूमन यांच्याविषयीं वाईट बातमी आणली होती. एप्रिलमध्यें त्यांच्या कारभारास पसंति देणारे शेंकडा ३६ उरले होते. रूझवेल्ट यांच्या मृत्यूमुळें अध्यक्षपद अंगावर आलेला हा मिसूरीचा साधा गृहस्थ. महागाई, संप आणि १९४६ च्या निवडणुकींत काँग्रेसची दोन्हीं गृहें विरोधकांच्या हातीं गेलेलीं. त्यांचा स्वतःचा डेमोक्रॅटिक पक्षच त्यांना बदलावयास निघाला. रूझवेल्ट यांचे चिरंजीव जेम्स, मिनिआपोलिसचे तरुण महापौर ह्यूबर्ट हम्फ्री, शिकागोचे पक्षधुरीण जेकब आर्व्ही अशा मंडळींनीं आयसेनहॉवर यांच्या नांवाचा घोष चालविला. दक्षिणेंतील कित्येक पुढारीही त्यांत सामील झाले.

येथें क्षणभर थांबण्यासारखें आहे. हम्फ्री यांना कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठीं पक्षानें ठाम उभें राहावें असें वाटत होतें. दक्षिणेंतील पुढाऱ्यांना तसें होऊं द्यावयाचें नव्हतें. त्याच कारणासाठीं ते ट्रूमन यांच्यावर रुष्ट होते. दोघांचाही उमेदवार मात्र एकच. हें कसें शक्य झालें? कारण त्या उमेदवारानें अद्याप कांहींच सांगितलें नव्हतें. नागरी हक्क, कामगारांचा कायदा, शेतमालाचे भाव यांपैकीं कशावरही आयसेनहॉवर यांनीं तोंड उघडलें नव्हतें, आणि कोऱ्या कागदावर ज्याला जें हवें तें त्यानें वाचलें. ट्रूमन यांच्या पानावर मात्र तीन वर्षांचा जमाखर्च लिहिलेला होता. खऱ्या माणसाची तुलना कल्पनेंतल्या माणसाशीं केली तर तूट नेहमीं खऱ्याच्याच खात्यांत निघावयाची. गॅलप यांचें गणित याबाबतींत निरुपाय होतें. लोक खरें तेंच सांगत होते, पण ज्याच्याविषयीं सांगत होते तो माणूस निवडणुकीच्या रिंगणांत उतरलेलाच नव्हता.

जुलैमध्यें आयसेनहॉवर यांनीं पुन्हां निक्षून नकार दिला, आणि फिलाडेल्फिया येथील अधिवेशनांत पक्षानें नाइलाजानें ट्रूमन यांस उमेदवारी दिली. हम्फ्री यांचा नागरी हक्कांचा ठराव मंजूर होतांच मिसिसिपीचे सर्व व अलाबामाचे कित्येक प्रतिनिधि उठून गेले. दक्षिणेंतून थर्मंड व डाव्या बाजूनें हेन्री वॉलेस असे दोन फुटीर उमेदवार उभे राहिले. पहांटे दोनच्या सुमारास ट्रूमन भाषणास उभे राहिले आणि त्यांनीं रिपब्लिकन बहुमताच्या काँग्रेसचें खास अधिवेशन २६ जुलैस बोलावल्याचें जाहीर केलें. मिसूरींत शलजम पेरावयाचे ते दिवस, म्हणून त्यास शलजमाचें अधिवेशन असें नांव मिळालें. तुमच्या जाहीरनाम्यांत जीं वचनें आहेत तीं आतांच पार पाडा, असा तो पेंच होता. काँग्रेसनें फारसें कांहीं केलें नाहीं. ट्रूमन यांना हवें होतें तें हेंच.

त्यानंतर आगगाडींतून त्यांचा दौरा सुरू झाला. गाडी लहानशा स्टेशनावर थांबावयाची, अध्यक्षांनीं मागच्या डब्याच्या सज्जांत येऊन दहा मिनिटें बोलावयाचें, पत्नी व मुलीची ओळख करून द्यावयाची आणि गाडीनें पुढें निघावयाचें. अशीं शेंकडों भाषणें झालीं. १८ सप्टेंबरास आयोवांतील डेक्स्टर येथें नांगरणीच्या शर्यतीस जमलेल्या अफाट शेतकरी समुदायापुढें ते बोलले. त्या वर्षीं पीक अमाप आलें होतें व मक्याचा भाव घसरत होता. आणि हमीभावावर कर्ज देणाऱ्या सरकारी महामंडळास धान्याचीं नवीं कोठारें मिळविण्यास काँग्रेसनें त्याच उन्हाळ्यांत मनाई केली होती. कोठारावांचून धान्य तारण ठेवतां येईना, आणि तें बाजारांत पडेल त्या भावास विकावें लागे. उन्हाळ्याच्या आरंभीं घेतलेल्या कोणत्याही पाहणींत हा मका नव्हता, कारण तो तेव्हां शेतांत उभा होता.

दुसऱ्या बाजूस न्यू यॉर्कचे गव्हर्नर टॉमस ड्यूई. १९४४ सालीं रूझवेल्ट यांच्याशीं ते हरले होते; या वेळीं पाहण्यांनीं त्यांना विजय जवळजवळ हातांत ठेवून दिला. एल्मो रोपर यांनीं तर ९ सप्टेंबरासच निकाल ठरल्यासारखा आहे असें सांगून आंकडे प्रसिद्ध करणें थांबविलें. 'न्यूजवीक'नें पन्नास राजकीय लेखकांस विचारलें. पन्नासांनींही ड्यूई यांचेंच नांव घेतलें. मग ड्यूई यांनीं तरी वाद कशाला ओढवून घ्यावा? ऐक्य, कार्यक्षमता, उज्ज्वल भविष्यकाळ अशा गुळगुळीत शब्दांवर त्यांनीं मोहीम चालविली. आपल्याविषयींच्या भाकितावर विश्वास ठेवून वागणारा उमेदवार त्या भाकिताचा एक भागच होऊन जातो, ही गोष्ट पाहणी करणाऱ्यांच्या तक्त्यांत कोठेंच मांडलेली नव्हती.

२ नोव्हेंबरच्या रात्रीं ट्रूमन मिसूरींतील एक्सेल्सिअर स्प्रिंग्ज येथें एका हॉटेलांत लवकर झोपीं गेले. मध्यरात्रीं जाग आली तेव्हां त्यांनीं नभोवाणी लावली. विख्यात भाष्यकार काल्टेनबॉर्न सांगत होते कीं, ट्रूमन दहा लाखांहून अधिक मतांनीं पुढें आहेत, तरीही ते अखेर हरणारच. ट्रूमन पुन्हां झोपले. शिकागोच्या 'ट्रिब्यून'नें मुद्रकांच्या संपामुळें अंक लवकर छापावयास घेतला होता व त्याच्या मथळ्यांत ड्यूई विजयी झाले होते. दोन दिवसांनीं सेंट लुईच्या स्टेशनावर ट्रूमन यांनीं तोच अंक हंसत हंसत हातांत धरून दाखविला. गॅलप यांच्या अखेरच्या अंदाजांत ड्यूई ४९.५ व ट्रूमन ४४.५ टक्के होते. निकालांत ट्रूमन ४९.५ व ड्यूई ४५.१. आंकडे जवळजवळ तेच, नांवें मात्र उलटीं! आयोवा व ओहायो हीं १९४४ सालीं ड्यूई यांनीं जिंकलेलीं राज्यें ट्रूमन यांच्याकडे गेलीं. तथापि ओहायो, इलिनॉय व कॅलिफोर्निया या तीन राज्यांत मिळून साठ हजारांहून कमी मतांचें अंतर होतें, आणि तीं तिन्ही उलटलीं असतीं तर अध्यक्ष ड्यूईच झाले असते, हेंही विसरतां कामा नये.

सामाजिक शास्त्रज्ञांच्या एका समितीनें लगेच चौकशी केली व १९४९ सालीं अहवाल ग्रंथरूपानें बाहेर आला. प्रश्न विचारणाऱ्यास अमुक पुरुष, अमुक स्त्रिया, अमुक उत्पन्नाचे अशी संख्या ठरवून दिली जाई, पण त्यांतील माणूस निवडण्याची मोकळीक त्याला असे. अर्थातच तो सोईचीं घरें गांठी. शिवाय ऑक्टोबरच्या मध्यानंतर विचारणेंच जवळजवळ थांबलें, आणि पुष्कळ मतदारांचें मन ठरलें तें अखेरच्या पंधरवड्यांत.

हे दोष पुढें बऱ्याच अंशीं सुधारले. कल्पित सामन्याचा दोष सुधारण्यासारखा नाहीं. १९४८ सालीं आयसेनहॉवर डेमोक्रॅटिक पक्षाकडून उभे राहिले असते तर काय झालें असतें? १९५२ सालीं ते उभे राहिले व ४४२ विरुद्ध ८९ निर्वाचक-मतांनीं निवडून आले, तेव्हां जिंकले असते असें म्हणण्यास आधार आहे. पण १९५२ सालीं ते उभे राहिले ते रिपब्लिकन म्हणून, आणि ज्यांनीं चार वर्षांपूर्वीं त्यांचा घोष केला होता त्यांतील बहुतेकांस त्यांच्या विरुद्ध प्रचार करावा लागला.

अनुभवानें प्रश्न मात्र थांबला नाहीं. १९६६ च्या अखेरीस लुई हॅरिस यांच्या पाहणींत मिशिगनचे गव्हर्नर जॉर्ज रॉम्नी हे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या ५४ विरुद्ध ४६ असे पुढें होते. १९६७ च्या ऑगस्टमध्यें, व्हिएतनामच्या भेटींत सेनाधिकाऱ्यांनीं व मुत्सद्द्यांनीं आपला बुद्धिभेद केला, असें रॉम्नी एका मुलाखतींत बोलून गेले. त्या एका वाक्यानें त्यांची बाजू ढांसळली, व न्यू हॅम्पशरच्या प्राथमिक निवडणुकीस दोन आठवडे उरले असतांना, २८ फेब्रुवारी १९६८ रोजीं, त्यांनीं माघार घेतली. ३१ मार्चला जॉन्सन यांनीं आपण पुन्हां उभे राहणार नसल्याचें जाहीर केलें. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर त्या दोघांपैकीं एकाचेंही नांव नव्हतें. निवडून आले रिचर्ड निक्सन, ज्यांचें राजकारण १९६२ सालच्या कॅलिफोर्नियांतील पराभवानंतर संपलें असें जाणत्यांनीं ठरवून टाकलें होतें. रॉम्नी त्यांच्या मंत्रिमंडळांत गृहनिर्माणमंत्री झाले, आणि जॉन्सन टेक्ससमधील आपल्या शेतवाडीवर परतले.