विलायतेतील आपले डॉक्टर : दार आणि जिना

पदवी हाती आली की परदेशाचे दार आपोआप उघडते, अशी समजूत आपल्या अनेक घरांतून आढळते. दार उघडते हे खरे. पण आतला जिना कोणाला किती चढू दिला जातो, हे जाणायचे तर ब्रिटनमध्ये गेलेल्या भारत-पाकिस्तानातील डॉक्टरांचा इतिहास पालकांनी व विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावा.

5 जुलै 1948 रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. उपचार मोफत झाले आणि डॉक्टर अपुरे पडू लागले. त्यात तेथील कित्येक डॉक्टर कॅनडा-ऑस्ट्रेलियाकडे निघून जात होते. आपल्या पदव्या तेथे मान्य होत्या, कारण इंग्रजी अमदानीत अभ्यासक्रमच विलायती धर्तीवर आखलेला होता. एफ.आर.सी.एस. किंवा एम.आर.सी.पी. करून परतायचे, या बेताने पुष्कळजण बोटीत चढले.

रुग्णालयात रजिस्ट्रार, सीनियर रजिस्ट्रार, मग कन्सल्टंट अशी चढण असे. रजिस्ट्रारपर्यंत जागा मुबलक. रात्रपाळीला माणसे हवीच होती! पुढची पायरी मात्र अरुंद, आणि तेथे वरिष्ठांचा शब्द चाले. शस्त्रक्रियेसारख्या मानाच्या शाखांत आपल्या माणसाची डाळ क्वचितच शिजे. उरत ती मनोरुग्णालये, वेल्समधील कोळसाखाणींच्या गावांतले दवाखाने आणि वृद्धांचे वॉर्ड.

हे वॉर्ड बहुधा जुन्या गरीबखान्यांच्या इमारतींत असत. खाटेला खिळलेल्या वृद्धांना उपचाराने पुन्हा उभे करता येते, हे डॉ. मार्जोरी वॉरेन यांनी लंडनजवळ 1935 पासून दाखवून दिले होते. तरीही शाखेला प्रतिष्ठा नव्हती. आपले डॉक्टर तेथे बहुतांशी नाइलाजाने गेले. पण कन्सल्टंटपद अनेकांना मिळाले ते तेथेच, आणि ही शाखा उभारण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. आज ती ब्रिटिश रुग्णालयांतील मोठ्या शाखांपैकी एक गणली जाते.

1975 मध्ये भारतीय पदव्यांची सरसकट मान्यता गेली व परदेशी डॉक्टरांना वैद्यकाची आणि इंग्रजीची परीक्षा लागू झाली. मात्र अडसर केवळ पात्रतेचा नव्हता. डॉ. अनीस इस्माईल व डॉ. सॅम एव्हरिंग्टन यांनी एकसारख्या पात्रतेचे अर्ज पाठविले, काही इंग्रजी नावांनी, काही आशियाई नावांनी. 1993 मध्ये निष्कर्ष छापून आला : इंग्रजी नावांना मुलाखतीसाठी निवडले जाण्याचे प्रमाण दुप्पट. खोटे अर्ज केले म्हणून दोघांना अटक झाली. खटला मात्र उभा राहिला नाही. पुढे त्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला. त्याचा अहवाल 1997 मध्ये आला, तेव्हाही पारडे इंग्रजी नावांकडेच झुकलेले होते.