हिरव्या उजेडाचा चौथा मानकरी

ओसामु शिमोमुरा यांना १९६२ साली जेलीफिशमध्ये हिरवं चमकणारं प्रथिन सापडलं. डग्लस प्रॅशर यांनी १९९२मध्ये त्याचं जनुक वेगळं केलं. पण निधी संपला, तेव्हा ते मार्टिन चॅल्फी आणि रॉजर त्सिएन यांना देऊन टाकलं. चॅल्फींनी १९९४मध्ये त्याने जिवंत कृमीच्या चेतापेशी उजळवल्या. त्सिएन यांच्या प्रयोगशाळेने १९९७मध्ये त्याच्या दोन रंगांच्या रूपांमध्ये कॅल्शियम ओळखणारं प्रथिन गुंफलं. कॅल्शियम वाढलं की प्रकाशाचा रंग बदलतो. पेशीतले निरोप पेशी न मारता दिसू लागले.

२००८चं नोबेल तिघांना मिळालं. प्रॅशर तेव्हा अलाबामात मोटारविक्रेत्याच्या ग्राहकांची ने-आण करत होते. चॅल्फी आणि त्सिएन यांनी स्वखर्चाने त्यांना स्टॉकहोमला नेलं. पारितोषिक तिघांपुरतंच असतं. ऋण त्यांनी असं मान्य केलं.