शहाजीराजांचा अग्रहार: तिरुविसनल्लूरचा मागोवा

तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या ईशान्येला, कावेरीच्या उत्तर तीरावर तिरुविसनल्लूर आहे. इथल्या शिवयोगिनाथाचे देऊळ जुने. शैव संतकवी संबंधरांनी तेवारम या तमिळ स्तोत्रांत ते गायिले, तेव्हा या भागात मराठी माणसाचे पाऊलही पडले नव्हते.

मराठी राज्य इथे आले 1676 च्या आसपास, शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे तंजावरच्या गादीवर बसले तेव्हा. त्यांचे पुत्र शहाजीराजे यांनी 1684 ते 1712 राज्य केले. त्यांनी स्वतः तेलुगूत आणि मराठीत नाटके रचली. ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे त्यांचे मराठी नाटक विष्णुदास भाव्यांच्या ‘सीतास्वयंवरा’च्या सुमारे दीडशे वर्षे आधीचे. याच राजाने 1693 च्या सुमारास हे गाव पंचेचाळीस-सेहेचाळीस पंडितांना अग्रहार म्हणून दिले. गावाला नाव मिळाले शहाजीराजपुरम.

अग्रहार म्हणजे राहायला घर आणि कावेरीच्या पाण्यावर पिकणाऱ्या भातशेतीत वाटा. पोटाची चिंता मिटली की पंडित घरीच विद्यार्थी ठेवी, शिकवी, ग्रंथ रचत बसे. इथल्या पंडितांपैकी रामभद्र दीक्षितांनी ‘जानकीपरिणय’ नाटक आणि ‘पतंजलिचरित’ लिहिले. संतकवी सदाशिव ब्रह्मेंद्र इथेच शिकले, असे परंपरा सांगते. श्रीधर वेंकटेशांनी राजावर ‘शाहेंद्रविलास’ काव्य रचले. लोक त्यांना अय्यावाळ म्हणत.

अय्यावाळांची एक कथा गावाने जिवापाड जपली आहे. श्राद्धाच्या दिवशी दारात भुकेला अंत्यज आला. ब्राह्मण जेवण्याआधीच त्यांनी श्राद्धाचा स्वयंपाक त्याला वाढला. अग्रहाराने त्यांना वाळीत टाकले आणि गंगास्नानाचे प्रायश्चित्त सांगितले. तेव्हा त्यांनी गंगेची आळवणी केली आणि घरच्या विहिरीतून गंगा उसळून गल्लीभर पसरली. आजही कार्तिकी अमावास्येला त्या विहिरीच्या पाण्याने स्नान करायला लोक लोटतात.

मराठी वाचकाला इथे पैठण आठवल्याशिवाय राहणार नाही. एकनाथांनीही श्राद्धाचे अन्न अंत्यजांना वाढले आणि ब्राह्मणांचा रोष ओढवून घेतला, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. कोणती कथा कुठून कुठे गेली, या वादात शिरण्याचे कारण नाही. दोन्ही गावांनी आपल्या थोर विद्वानाची परीक्षा एकाच प्रश्नावर घेतली: दारात भूक उभी असताना शास्त्र मोठे की माणूस?

पुढे जवळच्या मरुदानल्लूरच्या सद्गुरुस्वामींनी दक्षिणेतल्या भजनाची पद्धत बांधून दिली. या भजनपरंपरेत अय्यावाळ आणि गोविंदपुरमचे संत बोधेंद्र यांच्यासोबत त्यांचे नाव घेतले जाते. या भजनांत आपले अभंगही गायिले जातात.

शहाजीराजपुरम हे नाव आता पुस्तकांपुरते उरले. गाव पुन्हा तिरुविसनल्लूरच झाले. तंजावरचा राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालय पाहायला जाणाऱ्या मराठी माणसाने इथवर यायलाच हवे. आपल्या राजाने विद्येला घर दिले आणि त्या घराने भुकेल्याला आधी वाढले. तंजावरच्या मराठी राज्याचा याहून मोठा वारसा मला दिसत नाही.